ओटीपी बरोबर होता

माझ्या आजोबांच्या दोन एफडी मोडून ४ लाख ६० हजार रुपये गेले, तेव्हा मला सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला. "पण त्यांनी ओटीपी दिलाच कसा?" काकांनी विचारलं, ऑफिसमधल्या मित्रांनी विचारलं, बँकेतल्या साहेबांनीही विचारलं. पैसे कुणाच्या खात्यात गेले, ते खातं कुणी उघडून दिलं, एफडी मुळात मोडलीच कशी गेली, हे कुणालाही विचारावंसं वाटलं नाही.

आधी झालं काय ते सांगतो. आजोबा ७६ वर्षांचे, राहतात कराडला. पाटबंधारे खात्यात आयुष्यभर कारकुनी केली. सही-शिक्क्याशिवाय कागद पुढे सरकू द्यायचा नाही, हा त्यांचा खाक्या. एका गुरुवारी संध्याकाळी मेसेज आला की मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल. खाली नंबर होता. त्यांनी फोन केला. पलीकडचा माणूस फार अदबीने बोलला. त्याने एक ॲप पाठवलं, त्यावर दहा रुपये भरा म्हणाला. ॲपने मेसेज वाचायची परवानगी मागितली, आजोबांनी दिली. (तुम्ही-मीही न वाचता 'अलाऊ' दाबतोच, उगाच खोटं कशाला बोला.) दहा रुपये भरताना त्यांनी डेबिट कार्डाचा नंबर आणि पिन टाकला. ही चूक झाली, मान्य. पण ओटीपी त्यांनी कुणालाही सांगितला नाही. त्या ॲपने तो परस्पर चोराकडे पाठवला. कार्ड, पिन आणि ओटीपी एवढ्या भांडवलावर चोराने त्यांच्या नावाने नेटबँकिंग सुरू केलं, जे आजोबांनी जन्मात वापरलेलं नव्हतं, आणि एफडी मोडल्या.

त्या एफडी करायला आजोबा तीनदा शाखेत गेले होते. एकदा पॅनची झेरॉक्स राहिली, एकदा सही जुळेना. मोडायला एकही सही लागली नाही.

इथे मला माझ्या धंद्याबद्दल बोलावं लागेल. मी पुण्यात पैसे पाठवण्याच्या ॲपवर काम करतो. आमच्याकडे 'ड्रॉप-ऑफ' नावाचा आकडा असतो. व्यवहार सुरू करून मध्येच सोडून जाणारे लोक किती, तो आकडा. तो कमी झाला की आम्ही खूश. गेल्या वर्षी मी एक स्क्रीन काढून टाकली. 'या व्यक्तीला तुम्ही पहिल्यांदाच पैसे पाठवत आहात, नक्की पाठवायचे?' असं विचारणारी. ड्रॉप-ऑफ घटला, टीमला जेवण मिळालं, मीही दाबून जेवलो. त्या स्क्रीनवर थबकून परत फिरणाऱ्यांत कुणाचे आजोबा असतील, हा प्रश्न मीटिंगमध्ये आला नाही. मीही काढला नाही. आमच्या डोळ्यांसमोरचा 'युजर' माझ्याच वयाचा असतो, एका हातात कॉफी आणि दुसऱ्या हातात फोन असलेला.

लोक म्हणतात, काळ बदललाय, म्हाताऱ्यांनी शिकायला हवं. शिकून काय होतं? २०२४ मध्ये वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना ठगांनी व्हिडिओ कॉलवर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवली आणि ७ कोटी रुपये काढून घेतले. ८२ वर्षांचा, अख्खा उद्योग चालवलेला माणूस. त्यांना काय 'डिजिटल साक्षरते'ची पुस्तिका द्यायची?

आणि सावधपणाचं ओझं ग्राहकावरच टाकायला हवं असंही नाही, हे आपल्याच रिझर्व्ह बँकेने दाखवून दिलंय. जानेवारी २०२० मध्ये तिने आदेश काढला की नवं कार्ड देताना ते फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशिनवर चालेल. ऑनलाइन आणि परदेशातले व्यवहार बंदच असतील, हवे त्याने सुरू करून घ्यावेत. किती साधी, शहाणी गोष्ट! मग पाच हजारांच्या खरेदीला जे कुलूप आहे, ते जन्माच्या पुंजीला का नाही? शाखेत जाऊन सही करून केलेली एफडी ऑनलाइन मोडायची सोय मुळात बंद असावी. ज्याला हवी त्याने शाखेत जाऊन मागावी. मोडल्यावर पैसे बाहेर जायला एक दिवस थांबवावेत, घरातल्या आणखी एका माणसाला कळवावं. हे करणं अवघड नाही. मी कोड लिहितो, मला माहीत आहे. उशीर लावणं तर आम्हाला छान जमतं. रिफंड मागून बघा, 'पाच ते सात कामकाजाचे दिवस' लगेच उगवतात.

बँकेचं उत्तर आलं ते असं: व्यवहार योग्य ओटीपीने झाला असल्याने ग्राहकाचा निष्काळजीपणा दिसून येतो. लॉग कसा असतो ते मला ठाऊक आहे. ओटीपी बरोबर होता, एवढंच त्यात कळतं. तो कुणी टाकला हे कळत नाही. ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलंय की अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारात ग्राहकाची चूक सिद्ध करायची जबाबदारी बँकेची आहे. प्रत्यक्षात ७६ वर्षांचा माणूस काउंटरसमोर उभा राहून आपण चोर नाही, मूर्खही नाही, हे सिद्ध करत असतो.

ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियम आहे. फसवणुकीला भुलून स्वतःच्या हाताने पैसे पाठवले असले तरी बहुतेक प्रकरणांत ८५ हजार पौंडांपर्यंत भरपाई मिळते, आणि तो खर्च पैसे पाठवणारी आणि पैसे घेणारी बँक निम्मा-निम्मा सोसते. मला त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. पैसे हवेत विरत नाहीत. ते कुठल्यातरी बँकेच्या, केवायसी झालेल्या खात्यात पडतात. त्या बँकेच्या खिशाला चाट बसू लागली की भाड्याने दिलेली खाती तिला आपोआप दिसू लागतील.

आता माझा वाटा. आजोबांना त्याच रात्री कळलं होतं. त्यांनी आम्हाला सांगितलं आठ दिवसांनी, तेही आजीने फोन केला म्हणून. त्याच परिपत्रकात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवण्याला मोल आहे. १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर पैसे वाटेतच गोठवता येण्याची शक्यता असते. आठ दिवसांत ती खाती रिकामी झाली. ते गप्प का बसले? कारण आदल्या दिवाळीत, त्यांनी पाठवलेल्या कसल्याशा फॉरवर्डवरून मी सगळ्यांच्या देखत त्यांची टर उडवली होती. "आजोबा, तुम्हाला एक दिवस कोणीतरी गंडवणार!" सगळे हसले होते, तेही हसले होते. तुमच्याही फॅमिली ग्रुपवर असा एक शहाणा असेल. बहुतेक तुम्हीच असाल.

आजोबा आता पुन्हा चेकवर आलेत. बॉलपेन, रकमेनंतर आडवी रेघ, कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा. मध्यंतरी घराच्या दुरुस्तीसाठी ६० हजारांचा चेक दिला. ५० हजार आणि त्यावरच्या चेकसाठी जानेवारी २०२१ पासून 'पॉझिटिव्ह पे' आहे. चेकचा नंबर, तारीख, नाव, रक्कम आधी बँकेला कळवायची, म्हणजे खाडाखोड केलेला चेक वटत नाही. योजना चांगलीच आहे. आजोबा तपशील कागदावर लिहून शाखेत घेऊन गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजोबा, हे ॲपवरून करा ना, सोपं आहे."

लोकपालाकडे आम्ही तक्रार केली आहे. मजकूर आजोबांनी स्वतः लिहिला, फुलस्केपवर, समास सोडून, 'विषय' आणि 'संदर्भ' घालून. संदर्भात परिपत्रकाची तारीख आहे. मी फक्त स्कॅन करून अपलोड केला. अपलोड करताना मोबाईलवर ओटीपी आला, तो त्यांनी मला वाचून दाखवायला नकार दिला. चष्मा लावला आणि एकेक आकडा स्वतः टाकला.