बाहुलीची सूत्रे कोणाच्या हाती?

दुसऱ्याच्या तालावर नाचणाऱ्याला आपण 'कळसूत्री बाहुले' म्हणून हिणवतो. पण ते बाहुले घडविले कोणी आणि त्याची सूत्रे कोणाच्या हाती, हा खरा प्रश्न आहे. दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनच्या कृष्णवर्णीय तरुण कलावंतांनी या प्रश्नाला कृतीने उत्तर दिले आहे. त्यांच्या समूहाचे नाव 'उक्वांडा'. खोसा भाषेत याचा अर्थ वाढणे, विस्तारणे.

केपटाऊनमध्ये १९८१ साली 'हँडस्प्रिंग' ही बाहुलीनाट्य कंपनी सुरू झाली. तिच्या बाहुल्यांना दोऱ्या नसतात. त्या हलविणारी माणसे प्रेक्षकांसमोर उघडपणे उभी असतात आणि बाहुलीत आधी श्वास आणतात. वर्णद्वेषी राजवटीतील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य व समेट आयोगावर या कंपनीने १९९७ साली नाटक केले. त्यात पीडितांच्या साक्षी लाकडी बाहुल्यांनी सांगितल्या. आम्ही वकिली करतो. साक्षीदाराचे बोलणे कागदावर उतरताना त्यातला हुंदका कसा गळून पडतो, हे आम्ही जाणतो. न्यायालयाच्या नोंदीत न मावणारे दुःख लाकडाच्या बाहुलीने जगापुढे मांडले!

परंतु या कंपनीचे संस्थापक गोरे होते. तिच्याकडे ही कला शिकलेले कृष्णवर्णीय तरुण कायमचे मदतनीस म्हणून राहिले असते, तर तो इतिहास आपल्या परिचयाचाच ठरला असता. घडविणारे हात एकाचे आणि नाव दुसऱ्याचे! त्यांनी ते नाकारले. स्वतःचा समूह उभारला आणि वेस्टर्न केप विद्यापीठाच्या मानव्यविद्या संशोधन केंद्राशी नाते जोडले. वर्णद्वेषी सरकारने १९६० साली 'कलर्ड' ठरविलेल्या लोकांना वेगळे ठेवण्यासाठी काढलेले हे विद्यापीठ पुढे त्याच सरकारविरुद्धच्या लढ्याचे केंद्र बनले.

'उक्वांडा'ची कला केवळ नाट्यगृहाच्या तिकिटात अडकली नाही. बॅरीडेल या छोट्या गावात १६ डिसेंबरला निघणाऱ्या महाकाय बाहुल्यांच्या मिरवणुकीसाठी त्यांनी काम केले. या मिरवणुकीत गावातली मुलेच बाहुल्या खांद्यावर घेऊन रस्त्यावर उतरतात. ही तारीखही बोलकी आहे. १८३८ साली याच दिवशी बोअरांनी झुलूंना हरविले आणि गोरे सत्ताधारी त्या विजयाचा सण करीत राहिले. १९६१ साली याच दिवशी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या सशस्त्र लढ्याची सुरुवात झाली. १९९५ पासून तो समेट दिन आहे. जेत्यांचा दिवस शेतमजुरांच्या मुलांनी आपल्या बाहुल्यांनी व्यापावा, याहून मोठा सांस्कृतिक बदल कोणता?

२०२५ साली 'द हर्ड्स' हा जागतिक उपक्रम झाला. हवामान संकटापासून पळणाऱ्या प्राण्यांच्या बाहुल्यांचा कळप एप्रिलमध्ये किन्शासाहून निघाला आणि सुमारे २० हजार किलोमीटर ओलांडून उत्तर ध्रुववृत्तापर्यंत गेला. पुठ्ठ्यासारख्या पुनर्वापराच्या साहित्यातून उभ्या राहिलेल्या त्या प्राण्यांचे मूळ आराखडे 'उक्वांडा'चे होते, आणि तशी नोंदही झाली. वाटेतल्या शहरांतील तरुणांनी ते प्राणी बनविण्याची, चालविण्याची विद्या शिकून घेतली.

कला शिकविणे म्हणजे उपकार नव्हेत. शिकलेल्याला आपल्या नावाने उभे राहता आले, तरच ती विद्या मुक्त होते. नाहीतर गुरूचा मोठेपणा वाढतो आणि शिष्याचा अंगठा जातो. केपटाऊनच्या या तरुणांनी आपला अंगठा शाबूत ठेवला आहे. त्यांचे अभिनंदन करताना प्रत्येक कलापथकाने, प्रत्येक संस्थेने स्वतःला विचारावे : आपल्याकडे राबणाऱ्या हातांचे नाव फलकावर आहे काय?