तारखेचा रकाना आणि अहवालाची विश्वासार्हता

कार्यालयीन कारभारात तारीख ही सर्वांत साधी बाब समजली जाते. आवक-जावक नोंदवहीत ती रोज लिहिली जाते आणि वाचणाऱ्याची सहसा गल्लत होत नाही. परंतु हीच नोंद संगणकावरील अहवाल-प्रणालीच्या स्वाधीन झाली की तिचा अर्थ लावण्याचे काम माणसाकडून यंत्राकडे जाते. तो अर्थ चुकला तरी अहवाल तितकाच नीटनेटका, आलेखांनी सजलेला आणि अधिकारवाणीने बोलणारा दिसतो. वेतन, निवृत्तिवेतन, शिष्यवृत्ती व रिक्त पदे यांसंबंधीचे निर्णय आज अशा अहवालांच्या आधारे घेतले जातात. म्हणूनच या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नाचा गांभीर्याने विचार होणे अगत्याचे आहे.

पहिली अडचण क्रमाची. भारतात दिवस, महिना, वर्ष हा क्रम रूढ आहे. अमेरिकेत महिना आधी लिहिला जातो. अनेक प्रचलित प्रणाली अमेरिकेत घडलेल्या असल्यामुळे त्यांची प्रादेशिक मांडणी बदलून घेतली नाही, तर भारतीय तारखा त्या अमेरिकी पद्धतीने वाचतात. एप्रिल महिन्याच्या नोंदींचे काय होते ते पाहावे. १/४ ही ४ जानेवारी होते, २/४ ही ४ फेब्रुवारी होते आणि १२/४ थेट ४ डिसेंबरला जाऊन पडते. केवळ ४/४ ही तारीख योगायोगाने जागेवर राहते. १३ एप्रिलपासून मात्र यंत्र अडते, कारण तेरावा महिना अस्तित्वात नाही. एक्सेलमध्ये अशा नोंदी तारीख म्हणून स्वीकारल्याच जात नाहीत. त्या साध्या मजकुराच्या रूपात पडून राहतात व महिनावार बेरजेत येत नाहीत. म्हणजे तीस दिवसांपैकी अकरा दिवस अन्य महिन्यांत विखुरले, अठरा दिवस हिशेबाबाहेर राहिले आणि एकच शाबूत उरला. संपूर्ण वर्षाचा हिशेब केल्यास ३६५ तारखांपैकी १३२ बदलतात, २२१ वगळल्या जातात आणि अवघ्या १२ बरोबर येतात.

यांपैकी वगळलेल्या नोंदींचा धोका तुलनेने कमी आहे. बेरीज घटल्यामुळे निदान शंका तरी येते. बदललेल्या नोंदी मात्र कोणतीही तक्रार न करता चुकीच्या महिन्यात जाऊन बसतात. महाराष्ट्रातील शिक्षकवर्गाला याचे एक उदाहरण सहज पटेल. शाळा जूनमध्ये सुरू होत असल्याने, ज्या मुलाची जन्मनोंद नसे त्याची जन्मतारीख १ जून लिहिण्याचा प्रघात गावोगावी होता. त्यामुळे आजही ३१ मे रोजी राज्यात सरकारी कर्मचारी मोठ्या संख्येने निवृत्त होतात. हीच १/६ ची नोंद अमेरिकी क्रमाने वाचली गेली, तर जन्मतारीख ६ जानेवारी ठरते आणि निवृत्तीचा दिवस ३१ जानेवारीवर येतो. चार महिन्यांची ही तफावत रिक्त पदांचा अंदाज बिघडवते आणि निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांचे वेळापत्रकही. उलट, एखादा अतिउत्साही तंत्रज्ञ १ जूनच्या नोंदींचा ढीग पाहून त्यालाच दोष समजेल आणि तो 'दुरुस्त' करण्यास सरसावेल. तो ढीग खरा आहे, हे यंत्राला ठाऊक नसते. ते शाळेच्या दाखल्यांशी परिचय असलेल्या लिपिकाला ठाऊक असते.

दुसरी अडचण साठवणुकीची. एक्सेल तारीख जपते ती अंकाच्या रूपाने: १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस, आणि त्या गणनेने १ एप्रिल २०२४ हा ४५३८३ वा. रकान्याचे स्वरूप बदलले की तारखेच्या जागी हाच अंक उमटतो आणि पाहणारा गोंधळतो. या गणनेत २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवसही धरलेला आहे. लोटस १-२-३ या जुन्या प्रणालीतील चूक सुसंगतीखातर तशीच ठेवण्यात आली. दोन अंकी वर्षाचा प्रश्नही अद्याप संपलेला नाही. '२८' असे लिहिल्यास एक्सेल ते २०२८ समजते. मग १९२८ साली जन्मलेल्या कुटुंब-निवृत्तिवेतनधारक वृद्धेचा जन्म भविष्यकाळात होतो.

तिसरी अडचण सीमेची. अहवालात '३१ मार्चपर्यंत' अशी अट घातली आणि रकान्यात तारखेसोबत वेळही नोंदलेली असली, तर अनेक प्रणाली त्या दिवसाचा अर्थ मध्यरात्रीचा क्षण असा घेतात. वर्षाखेरच्या घाईचा सबंध दिवस त्यामुळे गळून पडतो. त्यात बहुसंख्य यंत्रणा वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार साठवतात व भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. १ एप्रिलच्या पहाटे दोन वाजता झालेला व्यवहार रूपांतर न केल्यास ३१ मार्चच्या, पर्यायाने मागील आर्थिक वर्षाच्या, खाती जमा होतो. 'पहिली तिमाही' म्हणजे यंत्राच्या लेखी जानेवारी ते मार्च. भारतीय अर्थसंकल्पाच्या लेखी ती एप्रिल ते जून असते.

या दोषांचे निदान दुर्बोध नाही. एक्सेलच्या रकान्यात खऱ्या तारखा आपोआप उजवीकडे सरकतात व मजकूर डावीकडे राहतो; हा भेद नजरेनेही टिपता येतो. नोंदी दिवसवार मोजाव्यात. तेरा तारखेपासून पुढचे दिवस रिकामे दिसले, तर क्रम उलटल्याचे निश्चित समजावे. आत गेलेल्या आणि अहवालात उतरलेल्या नोंदींची संख्या ताडून पाहावी. 'पर्यंत' ऐवजी '१ एप्रिलपूर्वी' अशी अट लिहावी. आर्थिक वर्ष व तिमाही दर्शविणारे स्वतंत्र दिनदर्शिका-कोष्टक प्रणालीस जोडावे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाने वर्ष, महिना, दिवस असा निःसंदिग्ध क्रम सांगितलेला आहे. एका कार्यालयातून दुसऱ्याकडे माहिती पाठवताना तोच पाळावा.

तथापि एक काम कोणत्याही प्रणालीवर सोपवता येणार नाही. देयकाची तारीख, मंजुरीची तारीख आणि रक्कम प्रत्यक्ष हाती पडल्याची तारीख या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. शिष्यवृत्ती मार्चमध्ये मंजूर झाली आणि विद्यार्थ्याच्या खात्यात जुलैमध्ये पोहोचली, तर मंजुरीच्या तारखेवर बेतलेला अहवाल विलंबाचा मागमूसही लागू देणार नाही. कोणती तारीख मोजायची हा निर्णय प्रशासनाचा आहे आणि तो उघडपणे व्हावयास हवा. प्रत्येक शासकीय व संस्थात्मक अहवालाच्या तळाशी कोणती तारीख धरली, ती कोणत्या क्रमाने वाचली आणि किती नोंदी वगळाव्या लागल्या, या तीन बाबी छापणे बंधनकारक करावे. त्याला खर्च जवळपास नाही. 'संगणकाने असेच दाखवले' या उत्तरावर खिडकीपासून परत फिरणाऱ्या सामान्य माणसाला त्यामुळे पुढचा प्रश्न विचारण्याचा आधार तरी मिळेल.