पुरस्कारांचे पर्यवेक्षण : अधिकार कोणता, केव्हा?

महाराष्ट्र शासनाचे २०२१ या वर्षाचे वाङ्मय पुरस्कार ६ डिसेंबर २०२२ रोजी जाहीर झाले. अनुवादासाठीचा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पुरस्कार अनघा लेले यांना, कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’च्या मराठी अनुवादासाठी मिळाला होता. १२ डिसेंबरला शासननिर्णय निघाला आणि पुरस्कारासह परीक्षण समितीही रद्द झाली. पुढे राजीनामे आले. ‘भुरा’कार शरद बाविस्कर यांनी आपला पुरस्कार नाकारला. १९८१ मध्ये विनय हर्डीकर यांच्या ‘जनांचा प्रवाहो चालिला’ या आणीबाणीविषयक पुस्तकाचा पुरस्कार शासनाने असाच काढून घेतला होता. सत्तेवरील पक्ष वेगळे होते, रीत तीच होती.

या प्रकरणाची चर्चा बहुधा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या अंगाने झाली. ती आवश्यकच होती. परंतु पुरस्कार देणाऱ्या संस्थेने निवडीवर देखरेख कशी ठेवावी, हा प्रश्न तीत मागे पडला. देखरेखच नको, अशी भूमिका काही मित्र घेतात. ती मला मान्य नाही. परीक्षकाचा लेखकाशी वा प्रकाशकाशी हितसंबंध आहे काय, पुस्तक निकषांत बसते काय, सर्व परीक्षकांनी ते खरोखर वाचले काय, हे कोणीतरी तपासलेच पाहिजे. मात्र ही तपासणी घोषणेपूर्वीची आणि प्रक्रियेपुरती असावी. आपल्याकडे नेमके उलटे घडले : आधी जे पाहायचे त्याचा जाहीर मागमूस नाही आणि नंतर हात घातला तो थेट वाङ्मयीन निर्णयाला.

वैज्ञानिक संस्थांचा दाखला येथे उपयोगी पडतो. अमेरिकी भूभौतिकी संघाने २०१७ मध्ये आपली नीतिसंहिता सुधारून छळ व भेदभाव यांची गणना वैज्ञानिक गैरवर्तनात केली. सन्मानांनाही ती लागू झाली. सन्मान नाकारण्याचा वा काढून घेण्याचा अधिकार संस्था राखून ठेवते, हे खरे. पण त्याला आधी छापलेला नियम आणि चौकशी यांची अट असते. ‘प्रशासकीय कारण’ हे दोन शब्द चौकशीची जागा घेऊ शकत नाहीत. आपल्या साहित्य अकादमीतही अंतिम निवड तीन परीक्षकांकडे असते व त्यांची नावे निकालाबरोबर प्रसिद्ध होतात. नावांबरोबर कारणेही सविस्तर छापली जावीत, ही अपेक्षा अर्थात तेथेही शिल्लक आहे.

कारणांचा आग्रह धरण्यामागे व्यावहारिक हेतूही आहे. पुण्यामुंबईच्या अभ्यासकाला परीक्षकाचे मत चर्चासत्रात वा चहाच्या टेबलावर कळते. नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीहून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते ती केवळ वर्तमानपत्रातील यादी. वाहरू सोनवणे यांच्यासारखा कवी ज्या शहादा परिसराने मराठीला आणि भिलीला दिला, तेथील वाचकाला निवड पटवून देण्याची गरज कोणत्याही परीक्षण समितीला आजवर वाटलेली दिसत नाही. प्रत्येक पुरस्कृत पुस्तकामागे परीक्षकांचे पानभर, सही केलेले निवेदन निकालाच्या दिवशीच प्रसिद्ध करावे. त्यानंतर निर्णय फिरवू पाहणाऱ्या मंत्र्याला निदान त्या पानाचे उत्तर लिहावे लागेल.