शटर किती वाजता ओढायचं?

सणाचा माल लागला की उल्हासनगर कॅम्प नं. ३ पासून पार कॅम्प ५ पर्यंत जीन्सच्या गाळ्यांत मशीन बारा-चौदा तास चालतं. त्याबद्दल विचारलं की मालक मंडळी सांगतात, आमच्या बापजाद्यांनी रात्रीचा दिवस केला म्हणून हे शहर उभं राहिलं. खरं आहे ते. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत आलेल्या सिंधी कुटुंबांनी पडेल तो धंदा केला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींनी या नगराची कोनशिला बसवली, ती अशा राबणाऱ्या माणसांमध्ये. त्यांच्या कष्टांपुढे आम्ही नतमस्तक आहोत.

पण ते स्वतःच्या दुकानासाठी राबत होते. जादा तासाची कमाई त्यांच्याच घरात जात होती, आणि आपण काय उभं करतोय हे त्यांना दिसत होतं. आजचा कारागीर नगावर शिवतो. कोणी दिवसभर फक्त लूप लावतो, कोणी फक्त साइड मारतो. दर परवडत नाही म्हणून तो रात्री अकरापर्यंत बसतो. त्याला आपण ‘मेहनती’ म्हणतो आणि दराचा विषय तिथेच संपतो. या बसण्याला आयुष्याचं सार्थक म्हणणं आम्हाला मान्य नाही.

आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्याला पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ च्या अहवालात आहे. सहा दिवस बारा तास म्हणजे ७२ तास! रात्री उशिराच्या मालात टाका सुटतो, उसवून पुन्हा शिवावं लागतं, हे कटिंग मास्तरांना वेगळं सांगायला नको.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळाली. १९४८ च्या कारखाने कायद्याने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, त्यापुढे दुप्पट मजुरी ठरवली. नगावर काम करणाराही त्या दुप्पट मजुरीतून वगळलेला नव्हता, त्याच्या रोजच्या सरासरी कमाईवरून दर काढायचा होता. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाला १२ तासांपर्यंत काम करून घेण्याला मंजुरी दिली. आपले बहुतेक गाळे इतके लहान की कायदा तिथवर पोचतच नाही. म्हणून जबाबदारी आपल्यावर येते.

वाचक मालकांना आमची विनंती आहे. पुढची ऑर्डर घेताना व्यापाऱ्याशी मुदतीबरोबर शिलाईच्या दराचंही बोला. कारागिराला दहा तासांत घर चालेल एवढा दर द्या, रात्री आठला शटर ओढा आणि रविवारी ते उघडू नका.