बसवला म्हणजे बरा झाला नव्हे!

माझा उजवा खांदा आत्तापर्यंत दोनदा निखळलाय. पहिल्यांदा ऑफिसच्या क्रिकेट मॅचमध्ये, कॅचसाठी डाइव्ह मारली तेव्हा. दुसऱ्यांदा पाच महिन्यांनी, ट्रेनमध्ये वरच्या बर्थवरून बॅग काढताना. पहिली वेळ नशिबाची. दुसरी शंभर टक्के माझी चूक, म्हणून हा लेखनप्रपंच.

मैदानावर माझा लटकलेला हात बघून आमच्या टीममधले एक वीर सरसावले, "अरे थांब, एक झटका देतो, बसेल!" (सिनेमे पाहण्याचा परिणाम, दुसरं काय!) सुदैवाने मी बोंबललो. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी दंडाच्या बाहेरच्या बाजूला स्पर्श कळतोय का ते पाहिलं, कारण खांदा निखळताना तिथल्या मज्जातंतूला इजा होऊ शकते. मग एक्स-रे, कारण हाडही मोडलेलं असेल तर आंधळा झटका महागात पडतो. मग इंजेक्शन देऊन, अगदी सावकाश हात फिरवत खांदा बसवला. 'खट्' झालं आणि दुखणं निम्म्याहून कमी!

गोची इथेच आहे. खुब्याची वाटी खोल असते. खांद्याची मात्र बशीसारखी उथळ. म्हणून हात सगळीकडे फिरतो आणि म्हणूनच निखळतोही. बशीला कूर्चेची कड असते. खांदा शंभरात साधारण ९५ वेळा पुढच्या बाजूला निखळतो आणि तेव्हा बहुतेकदा ही कड फाटते. बँकार्ट या इंग्लिश सर्जनने १९२३ साली यावर लिहिलं. आजही ती इजा त्याच्याच नावाने ओळखली जाते. म्हणजे हाड जागेवर आलं तरी कड फाटलेलीच. शिवाय वय जितकं कमी, तितकी पुन्हा निखळण्याची शक्यता जास्त.

आपल्या भाषेत, सर्व्हर रिस्टार्ट केला, बग तसाच. तीन आठवडे हात झोळीत होता तोवर ऑफिसात सगळे विचारपूस करायचे. झोळी सुटल्यावर फिजिओथेरपीसाठी सहाला निघालो की "आज हाफ डे का?" चार दिवस गेलो, मग रिलीज आली, आणि... असो.

व्यायामाने फाटलेली कड शिवली जात नाही, पण खांद्याभोवतीचे स्नायू सांध्याला धरून ठेवतात. तेवढंही मी केलं नाही. आता पुढच्या महिन्यात दुर्बिणीतून ऑपरेशन आहे. आणि त्यानंतर? कित्येक महिने फिजिओथेरपी! तेव्हा मंडळी, निखळलेला सांधा मित्राच्या हाती देऊ नका, आणि बसवलेला रिलीजच्या.