फी भरली, वाचनालय बंद पडलं

मी इंजिनिअर झालो तो समाजाच्या ट्रस्टने भरलेल्या फीवर. आज त्याच ट्रस्टला दरवर्षी पैसे देतो. म्हणून थोडं भांडतो.

आमच्या वस्तीतलं वाचनालय बंद पडलं. जागेचं भाडं आणि ग्रंथपालाचा पगार द्यायला कोणी पुढे आलं नाही. त्याच रमजानमध्ये फीसाठी मात्र भरपूर पैसा जमला. विचारलं, तर उत्तर ठरलेलं : "जकात वाचनालयाला चालत नाही."

मान्य. जकातीचे आठ हकदार कुराणात सांगितलेले आहेत. पण नफली सदक्याला ही अट कुठे आहे? वक्फमधून तर शतकानुशतकं मदरसे, दवाखाने आणि कुतुबखाने चालले.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. त्या कामांच्या यादीत शिक्षणासोबत सार्वजनिक ग्रंथालयं आणि पारंपरिक कलाही आहेत. कायद्याला जे सुचलं, ते आपल्याला का सुचू नये?

बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल पुढे शाहीर अमर शेख झाले. आज तसा पोरगा डफ घेऊन ट्रस्टच्या दारात आला, तर आपण विचारू, "बारावीला टक्के किती?"

फी भराच. मी तिच्यामुळेच इथवर आलो. पण नुसत्या डिग्र्यांनी समाज उभा राहत नाही. त्याला एकत्र बसायला, वाचायला, गायला जागा लागते. यंदा सदक्यातला एक हिस्सा त्या जागेच्या भाड्यासाठी बाजूला काढा.