चाकू, मनगट आणि मापपट्टी

घडीचा चाकू खिशात बाळगणे बहुधा कोणी गुन्हा मानीत नाही. परंतु तोच चाकू एका हाताने झटकन उघडत असेल तर? प्रश्न वरवर क्षुल्लक भासतो. तथापि कायदा कसा असावा याचा धडा त्यात आहे, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने १९५० नंतरच्या दशकात, मनगटाच्या हिसड्याने उघडणाऱ्या चाकूंवर बंदी घातली. हेतू लोकरक्षणाचाच होता. पण कसोटी कोणती, तर पोलिसाचे मनगट! तोच चाकू एकाच्या हातून उघडे, दुसऱ्याच्या हातून उघडत नसे. कामावरून परतणारा एक स्वयंपाकी याच कसोटीने आरोपी ठरला. त्याचा चाकू चार-पाच प्रयत्नांनंतर उघडला होता. अखेर मार्च २०१९ मध्ये संघीय न्यायालयाने त्याच्या बाबतीत ती तरतूद अस्पष्ट, म्हणून घटनाबाह्य ठरविली आणि मे महिन्यात राज्याने ही बंदीच उठविली.

आपल्या देशात काय आहे? १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगासाठी घडविलेल्या वस्तू शस्त्रांच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. दिल्लीतील १९८० च्या अधिसूचनेने बटनदार व गरारीदार चाकूंवर निर्बंध घालताना पात्याचे माप दिले: लांबी ७.६२ सेंटिमीटर वा अधिक, रुंदी १.७२ सेंटिमीटर वा अधिक.

मापाने माणसाचा हेतू कळत नाही, असा आक्षेप कोणी घेईल. तो खराच आहे. आखूड पातेही प्राणघातक ठरू शकते. परंतु मापपट्टी सर्वांच्या हाती सारखीच असते, मनगट मात्र ज्याचे त्याचे निराळे. खिशात चाकू बाळगणारा पुष्कळदा कष्टकरी असतो: वायरमन, माळी, चर्मकार. आपले अवजार केव्हा शस्त्र ठरेल, हे त्यास घरातून निघण्यापूर्वीच कळले पाहिजे. दुष्ट कृत्यास कठोर शिक्षा अवश्य व्हावी. पण निरपराध्यास संशयाच्या स्वाधीन करणारा नियम समाजाचे रक्षण करीत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

राहता राहिले आमचे दप्तर. पेन्सिलीस टोक काढण्यास शार्पनर पुरेसा आहे. तेथे कोणत्याही मापाच्या चाकूस जागा नसावी. हा नियम तरी अस्पष्ट नाही!